विकृतीचा शिक्का : वेगळ्या लैंगिक आवडी, तरुण मने आणि वैद्यकशास्त्राची १३० वर्षे

१/
फेब्रुवारी १९३४. मुंबईच्या न्यायालयात एका लहानशा मराठी मासिकाच्या संपादकावर अश्लीलतेचा खटला उभा राहिला. मासिक ‘समाजस्वास्थ्य’, संपादक रघुनाथ धोंडो कर्वे आणि त्यांचे वकील डॉ. भीमराव आंबेडकर. आक्षेप होता तो वाचकांच्या खासगी प्रश्नांना दिलेल्या छापील उत्तरांवर. हस्तमैथुन, समलिंगी आकर्षण अशा ज्या गोष्टी घरात उच्चारता येत नसत, त्या लोक कर्व्यांना पत्राने विचारत.

२/
अशा प्रश्नांच्या मुळाशी एक जुनी भीती असते : ‘माझ्या मनात जे येते तो रोग तर नाही ना?’ आज महाविद्यालयीन वयातील मुलामुलींना हीच भीती ‘किंक’ या शब्दाभोवती छळते. रूढ चौकटीबाहेरच्या लैंगिक आवडींना हा शब्द लावतात. एखाद्या वस्तूचे किंवा पोशाखाचे विशेष आकर्षण, जोडीदारावर हुकमत गाजवण्याचा किंवा त्याच्या अधीन होण्याचा संमतीने मांडलेला खेळ, वेदनेत सुख वाटणे, हे सारे त्यात येते. या आवडींना रोग कोणी ठरवले आणि तो शिक्का कसा पुसत गेला, याचा हा इतिहास.

३/
आरंभ घरापासून करू. साधारण इ. स. तिसऱ्या शतकातील मानल्या जाणाऱ्या ‘कामसूत्रा’त वात्स्यायनाने नखक्षत, दंतक्षत आणि प्रहार यांवर स्वतंत्र प्रकरणे लिहिली आहेत. प्रणयात वेदनेलाही जागा असू शकते, हे तो सहज गृहीत धरतो. प्रदेशानुसार आणि स्वभावानुसार आवडी बदलतात, म्हणून समोरच्या व्यक्तीची प्रकृती ओळखून वागावे, असे त्याचे सांगणे. रोगाची भाषा तेथे नाही.

४/
धोक्याची भाषा मात्र आहे. कुंतल देशाचा सातवाहन राजा शातकर्णी याच्या हातून अशाच एका प्रहारात महाराणी मलयवतीचा मृत्यू झाला, असे वात्स्यायन नोंदवतो. चोल राजाच्या हातून गणिका चित्रसेनेचा जीव गेल्याचेही तो सांगतो. ज्यात जीव जाण्याचा किंवा अवयव गमावण्याचा धोका आहे, ते प्रकार त्याला त्याज्य वाटतात. आवड आणि इजा या दोन गोष्टी त्याने वेगळ्या ठेवल्या होत्या. युरोपीय वैद्यकाला हा भेद करायला बराच काळ लागला.

५/
ख्रिस्ती युरोपात संततीसाठी नसलेला संभोग आधी पाप होता, मग अनेक ठिकाणी गुन्हा ठरला. १९व्या शतकात त्याला तिसरे नाव मिळाले : रोग. १८८६ साली ऑस्ट्रियातील ग्राझ विद्यापीठाचे मनोविकारतज्ज्ञ रिचर्ड फॉन क्राफ्ट-एबिंग यांनी ‘सायकोपॅथिया सेक्शुअ‍ॅलिस’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. तो न्यायाधीश आणि डॉक्टर यांच्यासाठी होता. सामान्य वाचकाने चाळू नये म्हणून शीर्षक लॅटिन ठेवले आणि नाजूक मजकूरही लॅटिनमध्येच घातला.

६/
‘सॅडिझम’ आणि ‘मॅसोकिझम’ हे शब्द वैद्यकात रूढ झाले ते क्राफ्ट-एबिंग यांच्यामुळेच. पहिल्यामागे फ्रेंच लेखक मार्क्वी द साद यांचे नाव होते. ते १८१४ सालीच वारले होते. दुसऱ्यासाठी त्यांनी लिओपोल्ड फॉन झाखर-माझोख या कादंबरीकाराचे आडनाव घेतले, आणि हा लेखक तेव्हा हयात होता. १८७० साली त्याची ‘व्हीनस इन फर्स’ ही कादंबरी आली होती. जिवंतपणीच आपले आडनाव एका विकाराला चिकटलेले त्याला पाहावे लागले. शिक्का माणसाचे काय करतो, याचे हे पहिले ठळक उदाहरण म्हणावे लागेल.

७/
या ग्रंथाचा एक परिणाम लेखकाच्या अपेक्षेबाहेरचा होता. लॅटिनची भिंत ओलांडून सामान्य वाचक त्याच्यापर्यंत पोहोचलेच. आपल्यासारखी माणसे जगात आणखीही आहेत, हे अनेकांना प्रथमच कळले. त्यांनी क्राफ्ट-एबिंग यांना पत्रे लिहिली, आपापली जीवनकथा कळवली. त्या कथा पुढच्या आवृत्त्यांत गेल्या आणि पहिल्या आवृत्तीतील ४५ प्रकरणांची संख्या अखेरीस दोनशेच्या वर पोहोचली. ‘तुम्ही रुग्ण आहात’ आणि ‘तुम्ही एकटे नाही’ अशी दोन वाक्ये एकाच पुस्तकाने एकाच वाचकाला ऐकवली.

८/
पद्धतीत मात्र एक मोठा दोष राहून गेला होता. मूळची बरीच प्रकरणे वेड्यांची इस्पितळे आणि न्यायालये यांतून आलेली. जे लोक अशा आवडी मनात बाळगून निवांत संसार करत होते, ते डॉक्टरकडे कशाला जातील? फक्त तापाचे रुग्ण पाहून साऱ्या गावाची प्रकृती ठरवावी, तसे हे झाले. आवड असलेला प्रत्येक जण आजारी, हा निष्कर्ष अशा निवडक नमुन्यावर उभा होता, आणि तो पुढे कित्येक दशके टिकला.

९/
शंका घेणारे तेव्हाही होते. सिग्मंड फ्रॉइड यांनी १९०५ सालच्या निबंधांत मांडले की ज्याला विकृत म्हणावे असा थोडाबहुत अंश प्रत्येक निरोगी माणसाच्या कामजीवनात असतोच, म्हणून हा शब्द निंदेसाठी वापरणे गैर आहे. तरीही प्रौढ वयात अशी आवड प्रधान असणे म्हणजे वाढ अर्धवट राहणे, असे त्यांचे मत होते. इंग्लंडमध्ये हॅव्हलॉक एलिस यांनी १९०३ साली प्रेम आणि वेदना यांच्या नात्यावर सविस्तर लिहिले आणि त्यात भयापेक्षा कुतूहल अधिक ठेवले.

१०/
एलिस यांच्या ग्रंथमालेची वाट सोपी नव्हती. समलिंगी आकर्षणावरील त्यांचे पुस्तक विकल्याबद्दल १८९८ साली लंडनमध्ये जॉर्ज बेडबरो यांच्यावर खटला भरला गेला आणि पुढचे खंड अमेरिकेतून काढावे लागले. पण पुस्तके सीमा ओलांडतात. १९२०च्या दशकात मुंबईत ती वाचणाऱ्यांत विल्सन महाविद्यालयाचे माजी गणित प्राध्यापक र. धों. कर्वे होते. संततिनियमनाच्या प्रचारापायी नोकरी गमावलेल्या या माणसाने जुलै १९२७मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ सुरू केले.

११/
१९३४च्या खटल्यात डॉ. आंबेडकरांनी मांडलेला युक्तिवाद आजही वाचण्यासारखा आहे. लैंगिक विषयावर लिहिले म्हणजे ते अश्लीलच, हे त्यांना मान्य नव्हते. प्रश्न वाचकांनी विचारले होते. संपादकाने उत्तर का देऊ नये? प्रश्न विकृत आहेत असे वादापुरते मानले, तरी विकृती ज्ञानानेच दूर होईल, अज्ञानाने नाही. समलिंगी आकर्षणाबाबत त्यांनी हॅव्हलॉक एलिस यांच्या संशोधनाचा आधार घेतला. न्यायालयाला हे पटले नाही. एप्रिलमध्ये निकाल लागला आणि कर्व्यांना २०० रुपये दंड झाला.

१२/
कर्वे कशाशी झुंजत होते, याला पुढे वैद्यकीय दुजोराही मिळाला. १९६० साली मनोविकारतज्ज्ञ डॉ. नरेंद्रनाथ विग यांनी ‘धात सिंड्रोम’ हे नाव दिले. वीर्यनाशाने शरीर खंगते या समजुतीपायी अशक्तपणा, निद्रानाश आणि चिंता यांनी ग्रासलेले तरुण दवाखान्यात येत. त्यांचा त्रास खरा होता. त्याचे मूळ कृतीत नव्हते, कृतीविषयीच्या भयात होते. वेगळ्या आवडींच्या बाबतीत हीच गोष्ट समजायला जगाला आणखी वेळ लागला.

१३/
इकडे मुंबईत कर्वे दंड भरत होते, त्यानंतर चारच वर्षांनी अमेरिकेतील एका महाविद्यालयीन आवारात मोठी घडामोड झाली. १९३८ साली इंडियाना विद्यापीठातील विद्यार्थिनींच्या संघटनेने विवाहविषयक अभ्यासक्रमाची मागणी केली. समन्वयक म्हणून नेमले गेले ते गांधीलमाशीच्या जातीतील कीटकांचे अभ्यासक आल्फ्रेड किन्सी. तासानंतर विद्यार्थी एकेकटे भेटून आपल्या शंका विचारू लागले. पुष्कळ प्रश्नांना शास्त्राकडे उत्तरच नाही, हे किन्सींच्या ध्यानात आले. त्यांनी विद्यार्थ्यांच्याच लैंगिक जीवनाच्या मुलाखती टिपायला सुरुवात केली.

१४/
बाहेरून विरोध वाढला तेव्हा १९४० साली विद्यापीठाने त्यांच्यापुढे पर्याय ठेवला : अभ्यासक्रम किंवा संशोधन. त्यांनी संशोधन निवडले. १९४८ आणि १९५३ साली आलेल्या त्यांच्या दोन अहवालांनी क्राफ्ट-एबिंग यांच्या चित्राला मोठे भगदाड पाडले. दुसऱ्या अहवालानुसार वेदना आणि हुकमत यांच्या कथांनी उत्तेजित होत असल्याचे सुमारे २२ टक्के पुरुषांनी व १२ टक्के स्त्रियांनी सांगितले. प्रणयातील दंतक्षतांना प्रतिसाद देणारे तर निम्म्याच्या आसपास होते. किन्सींच्या नमुनानिवडीवर सांख्यिकांनी रास्त टीका केली, पण ‘मूठभर वेड्यांची लक्षणे’ ही समजूत त्यानंतर टिकणे अवघड झाले.

१५/
मनोविकारशास्त्राची अधिकृत यादी मात्र उलट्या दिशेने चालली होती. अमेरिकन सायकिअ‍ॅट्रिक असोसिएशनने १९५२ साली निदानपुस्तिका काढली, तिचे प्रसिद्ध संक्षिप्त नाव ‘डीएसएम’. तिच्यात लैंगिक विचलनाला समाजविघातक व्यक्तिमत्त्वाच्या गटात बसवले होते. १९६८च्या आवृत्तीत समलैंगिकता, फेटिशिझम, सॅडिझम आणि मॅसोकिझम यांना एकेक स्वतंत्र ओळ मिळाली. त्याच ओळींच्या शेजारी बालकांवरील लैंगिक आकर्षणही होते. जेथे संमती शक्यच नाही आणि जेथे दोन प्रौढ राजीखुशीने एकत्र आहेत, त्या दोहोंत यादीला फरक दिसत नव्हता.

१६/
पहिला चिरा निखळला तो डिसेंबर १९७३मध्ये. समलैंगिकांचे आंदोलन आणि नवे संशोधन यांच्या रेट्याने संघटनेने समलैंगिकता हा आजार नसल्याचे मान्य केले. तेव्हाचा मुख्य प्रश्न असा होता : एखादी अवस्था व्यक्तीला त्रास देत नसेल आणि तिच्या कामकाजात अडथळा आणत नसेल, तर तिला विकार का म्हणावे? हा प्रश्न एकदा विचारला गेल्यावर यादीतील उरलेल्या ओळींनाही तो लागू होणार होता.

१७/
त्या ओळींतले लोक आता स्वतः बोलू लागले. १९८३ साली न्यूयॉर्कमधील एका संघटनेच्या लिखाणात ‘सुरक्षित, सुज्ञ आणि संमतीने’ अशी त्रिसूत्री पुढे आली. खेळ आणि अत्याचार यांतली सीमा सांगणारी ती पहिली लोकप्रिय व्याख्या. याच दशकाच्या अखेरीस काही मानसोपचारतज्ज्ञांनी निदानपुस्तिका बदलावी म्हणून मोहीम उघडली. १९९४च्या आवृत्तीत अट आली की लक्षणीय त्रास किंवा कामकाजात बिघाड असेल तरच निदान करावे.

१८/
शब्दांच्या या कीसाला एवढे महत्त्व का, हे ब्रिटनमधील एका प्रकरणावरून उमगते. १९८७ साली पोलिसांच्या हाती एक चित्रफीत लागली आणि ‘ऑपरेशन स्पॅनर’ सुरू झाले. तीत दिसणाऱ्या प्रौढ पुरुषांपैकी कोणाचीही तक्रार नव्हती. तरीही १९९० साली शिक्षा झाल्या. मार्च १९९३मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने ३ विरुद्ध २ मतांनी ठरवले की अशी इजा करण्यास संमती हा बचाव होऊ शकत नाही. १९९७ साली युरोपीय मानवाधिकार न्यायालयानेही ब्रिटनला दोषी धरले नाही. इतरत्र घटस्फोटाच्या दाव्यांत मुलांचा ताबा नाकारण्यासाठी निदानपुस्तिकेची पाने पुढे केली जात. शिक्क्याची किंमत अशी रोख मोजावी लागे.

१९/
महाविद्यालयांत हा विषय उघडपणे आला तो याच काळात. १९९४ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात ‘कॉन्व्हर्सिओ व्हिरियम’ हा विद्यार्थी-गट स्थापन झाला. चर्चा, माहिती आणि सुरक्षिततेचे शिक्षण हे त्याचे काम. २०१२च्या अखेरीस हार्वर्डनेही अशा एका गटाला अधिकृत मान्यता दिली तेव्हा वृत्तपत्रांत खमंग मथळे झळकले. मथळ्यांत जे आले नाही ते महत्त्वाचे : १८-२० वर्षांच्या मुलांना आपल्या प्रश्नावर लाजेशिवाय बोलता येईल अशी एक खोली मिळाली होती. कर्व्यांच्या प्रश्नोत्तरांचे सदर तेच करत होते, फक्त कागदावर.

२०/
दरम्यान युरोपातील देश पुढे सरकले. डेन्मार्कने १९९५ साली आपल्या रोगसूचीतून सॅडोमॅसोकिझम काढून टाकला. स्वीडनने २००९, नॉर्वेने २०१० आणि फिनलंडने २०११ साली तेच केले. २०१३च्या पाचव्या डीएसएममध्ये अखेर स्पष्ट रेघ ओढली गेली : वेगळी आवड ही एक गोष्ट आणि तिच्यातून उद्भवणारा विकार ही दुसरी. त्रास नसेल आणि नाराज व्यक्तीवर काही लादलेले नसेल, तर आवड हा आजार नव्हे.

२१/
संशोधनानेही याला पाठबळ दिले. ऑस्ट्रेलियात १९,३०७ जणांच्या पाहणीवर आधारित आणि २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, लैंगिकदृष्ट्या सक्रिय लोकांपैकी १.८ टक्के जणांनी आदल्या वर्षात असे खेळ केल्याचे सांगितले. ते इतरांहून अधिक दुःखी किंवा चिंताग्रस्त आढळले नाहीत. नेदरलँड्समधील २०१३च्या अभ्यासात असे ९०२ जण आणि तुलनेसाठी ४३४ जण होते. पहिल्या गटाचे मानसिक स्वास्थ्य काही बाबतींत बरेच बरे दिसले. हे लोक स्वेच्छेने सहभागी झाले होते, म्हणून ‘किंकमुळे मन निरोगी होते’ असा अर्थ काढता येत नाही. ‘किंक म्हणजे मनोविकार’ हा जुना अर्थ मात्र यातून निघत नाही, एवढे खरे.

२२/
नाण्याची दुसरी बाजू पाहिल्याशिवाय हा इतिहास पुरा होत नाही. किन्सींच्याच इंडियाना विद्यापीठातील डेबी हर्बेनिक यांनी अलीकडे अमेरिकन विद्यार्थ्यांची पाहणी केली. संबंधांच्या वेळी गळा दाबला जाण्याचा अनुभव दर चार विद्यार्थिनींपैकी सुमारे एकीने आपल्या अगदी शेवटच्या प्रसंगाबद्दल नोंदवला. गळा दाबण्याची निर्धोक पद्धत नाही, असे डॉक्टर बजावतात, कारण मेंदूचा रक्तपुरवठा काही क्षणांतच खंडित होतो. शिवाय आधी न विचारता केलेली कृती हा खेळच नव्हे, तो हल्ला आहे. मलयवतीची गोष्ट सांगणाऱ्या वात्स्यायनाला हे वेगळे समजावून सांगावे लागले नसते.

२३/
जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगसूचीची अकरावी आवृत्ती २०१९ साली स्वीकारली गेली आणि १ जानेवारी २०२२पासून अमलात आली. फेटिशिझम आणि संमतीचा सॅडोमॅसोकिझम तिच्यात विकार म्हणून उरलेले नाहीत. दुसऱ्यावर जबरदस्तीने लादलेला सॅडिझम उरला आहे. तिच्यातील एक अट फार मोलाची आहे. लोक नाकारतील या भीतीतून येणारा त्रास केवळ त्या कारणाने विकाराचा पुरावा धरायचा नाही. आवडीचे दुःख वेगळे आणि लाजेचे दुःख वेगळे, हे वैद्यकशास्त्राने अखेर लिहून दिले.

२४/
हा बदल भारतापासून दूरचा नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ याच्या कलम ३प्रमाणे मानसिक आजार ठरवताना देशात किंवा आंतरराष्ट्रीय स्तरावर मान्य झालेले वैद्यकीय निकष, त्यांत जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगसूचीची ताजी आवृत्तीही, पाळायचे आहेत. केवळ समाजात रूढ असलेल्या नैतिक, सांस्कृतिक किंवा धार्मिक मूल्यांशी जुळत नाही म्हणून कोणाला मानसिक रुग्ण ठरवता येत नाही, असेही तेच कलम सांगते. उद्या एखादा विद्यार्थी समुपदेशकापुढे बसून ‘मी आजारी आहे का?’ असे विचारील, तेव्हा उत्तर देणाऱ्यावर हा कायदा बंधनकारक आहे.

२५/
त्या विद्यार्थ्याला विचारायचे प्रश्न आता थोडेच उरतात. यात सहभागी होणारे सगळे प्रौढ आहेत का? सगळ्यांची खरी, हवी तेव्हा मागे घेता येणारी संमती आहे का? जिवाला किंवा शरीराला धोका आहे का? यामुळे अभ्यास, झोप, नाती कोलमडत आहेत का? आणि मन खिन्न असेल, तर ते आवडीमुळे की कोणाला कळेल या धास्तीने? खिन्नता टिकून राहिली तर मदत घ्यावी, हे तर कोणत्याही मनाला लागू आहे. मदत मागणे म्हणजे शिक्का कबूल करणे नव्हे.

२६/
१९३४च्या दंडानंतरही कर्व्यांनी मासिक थांबवले नाही. तोटा सोसत, टवाळी ऐकत ते ऑक्टोबर १९५३मध्ये मृत्यू येईपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ चालवत राहिले. खटल्याची कारणे ठरलेले ते प्रश्न आज कोणत्याही समुपदेशन केंद्रात सहज विचारले जातात. दोनशे रुपयांचा तो दंड ज्या उत्तरांसाठी झाला, त्यांतले समलिंगी आकर्षणाबद्दलचे उत्तर सप्टेंबर २०१८मध्ये भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने ३७७ कलमाचा निकाल देताना खरे ठरवले. मध्ये ८४ वर्षे गेली.